डाळभात खाणाऱ्याचं बिल

तारकर्लीच्या एका खानावळीत आम्ही पाच मित्र जेवायला बसलो होतो. चौघांनी सुरमईच्या थाळ्या सांगितल्या, वर तळलेली कोळंबी. पाचवा विनाअनुदानित शाळेत शिकवतो. तो "पोट जरा बरं नाही" म्हणाला आणि डाळभात खाऊन उठला. बिल आलं. कुणीतरी मोबाइलवर भागिले पाच केलं आणि आम्ही सगळ्यांनी तेवढे पैसे पाठवले. त्यानेही पाठवले. त्याचं पोट अगदी ठणठणीत होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

भागिले पाच दिसायला सरळ असतं, पण त्याच्या आत एक गंमत आहे. समान वाटणी ठरलेली असताना मी शंभर रुपयांची जादा डिश मागवली, तर माझ्या खिशातून वीसच जातात. उरलेले ऐंशी बाकीच्या चौघांचे. प्रत्येकाला हे मनातून ठाऊक असतं, म्हणून प्रत्येकाचा हात सैल सुटतो. इस्राएलमधल्या हायफा इथे काही अर्थतज्ज्ञांनी हे मोजून पाहिलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सहा-सहा अनोळखी माणसांना हॉटेलात जेवायला बसवलं होतं. जिथे ज्याने त्याने आपापलं बिल द्यायचं होतं, तिथे माणशी सरासरी सदतीस शेकेलच्या आसपास खर्च झाला. समान वाटणीच्या टेबलांवर तोच आकडा एक्कावन्नच्या घरात गेला. आधी विचारलं तेव्हा मात्र बहुतेकांना आपापलं बिलच हवं होतं! मिळकती सारख्या नसतील तर यात आणखी एक पदर येतो. काय मागवायचं हे जास्त कमावणारा ठरवतो, आणि त्या निवडीचा भार कमी कमावणाऱ्यावरही तेवढाच पडतो.

यावर कॉलेजातल्या पोरांचा तोडगा म्हणजे टीटीएमएम, तुझं तू माझं मी. चहा, सिनेमा, मिसळ एवढ्यापुरता तो उत्तम. पण खोलीचं भाडं आणि पेट्रोल कसं तोडणार? शिवाय हात धुवायला म्हणून उठून गुपचूप गल्ल्यावर पैसे देऊन येणाऱ्यांची आपली परंपरा. आपापलं मोजून देणं आपल्याला अजून कोरडं वाटतं. २०१६मध्ये यूपीआय आलं आणि सुट्ट्या पैशांची सबब गेली. पूर्वी "राहू दे रे, नंतर बघू" यात बरंच काही झाकलं जायचं. आता रात्री अकराला "दोनशे सदतीस पाठव" असा मेसेज फोनवर येऊन पडतो.

माझ्या मते कोणी किती द्यायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की आकडा कधी कळतो? बिल आल्यावर कळला, तर कमी पैसेवाल्याला 'नाही' म्हणायला जागाच उरत नाही. मग त्याचं पोट बिघडतं, ऑफिसात काम निघतं, गावाकडे कुणाचं तरी लग्न असतं.

म्हणून सहल ठरवणाऱ्याने ठिकाणाआधी आकडा शोधावा. "तुला परवडेल का?" असं मात्र विचारू नये. यापेक्षा वाईट प्रश्न मैत्रीत नाही. प्रत्येकाला वेगळं गाठून सरळ विचारावं, "या खेपेला जास्तीत जास्त किती धरू?" आलेल्यांतला सगळ्यात लहान आकडा घ्यावा आणि तो कुणाचा याचा उच्चार न करता, "माणशी साडेतीन हजारांत बसवतोय" असं ग्रुपवर टाकावं. पाच हजारवाल्याला साडेतीन हजारांची सहल झेपतेच. उलट होत नाही.

मग खर्चाची फोड. तारकर्लीचाच हिशेब आता नव्याने मांडतो, आकडे सोयीसाठी गोल केलेत. दोन रात्रींच्या खोल्या दहा हजार, पेट्रोल आणि टोल सहा हजार, जेवणखाण नऊ हजार, तिघांचं स्कुबा साडेचार हजार. एकूण साडेएकोणतीस हजार. भागिले पाच केलं की माणशी ५,९०० पडतात, शिक्षक मित्रालाही.

यातलं खोल्यांचं भाडं खरोखर डोईवर वाटण्याजोगं, माणशी दोन हजार. स्कुबा हा हौसेचा खर्च, तो ज्याने पाण्यात उडी मारली त्याचा. जेवणात चौघांचे दोन-दोन हजार आणि पाचव्याचे हजारच झाले होते, ते तसेच धरायचे. राहिलं पेट्रोल आणि टोल. आमच्यात हिंजवडीला आयटीत असणारा एकजण आहे, गाडी त्याची. त्याने "गाडी माझी, तेल माझं" म्हटलं की विषय मिटतो. आता शिक्षकाचे होतात तीन हजार. गाडीवाल्याने स्कुबाही केलं, त्याचे साडेअकरा हजार. उरलेल्यांत स्कुबा केलेल्या दोघांचे प्रत्येकी साडेपाच हजार, न केलेल्याचे चार. बेरीज तीच, साडेएकोणतीस हजार.

पगाराच्या प्रमाणात वाटणी करा, असं पुस्तकी उत्तर कुणी देईल. नवरा-बायकोत ते चालतं. मित्रांत पगाराचे आकडे टेबलावर ठेवायचे म्हणजे अवघड काम. गाडीवाल्याच्या वाक्याने जवळजवळ तेच साधतं, आणि त्याची मदत एकट्या शिक्षकाला होत नाही, बाकी चौघांनाही होते. सगळ्यांना मिळालेल्या गोष्टीचं एकाला ओझं वाटत नाही.

भेटवस्तूंचं गणित आणखी नाजूक. मित्राच्या लग्नात एकत्र भेट द्यायची म्हणून ग्रुपवर यादी फिरते. नाव, पुढे रक्कम, पुढे बरोबरची खूण. पहिल्याने दोन हजार लिहिले की पाचशेवाला गप्प बसतो किंवा उसने काढतो. त्याऐवजी पैसे एकाकडे जमावेत, ज्याला जमेल तेवढे, आणि आकडे त्याच्याजवळच राहावेत. पाकिटावर नावं सगळ्यांची, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. भेट लहान होईल ही भीती देणाऱ्यालाच जास्त असते. स्टॅनफर्डच्या फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांच्या २००९च्या अभ्यासात असं दिसलं, की महाग भेटीचं जास्त कौतुक होईल असं देणारे धरून चालतात, पण घेणाऱ्यांच्या कौतुकाचा किमतीशी तसा मेळ बसत नाही.

जास्त कमावणाऱ्याकडून कमी कमावणाऱ्याकडे जाणारी महाग भेट कधी कधी जास्त त्रास देते. आपल्याकडे आहेराची वही असते. कुणी काय दिलं ते तीत लिहून ठेवतात आणि त्याच्या घरचं कार्य निघालं की वही काढून पाहतात. तेवढं, जमलं तर चार पैसे जास्त परत करायचे. एका अर्थी ती बिनव्याजी कर्जाची खतावणीच. मित्राच्या बहिणीच्या लग्नात तुम्ही पाच हजार एक दिलेत, की त्याच्या घरी पाच हजार एक रुपयांचं देणं लिहिलं गेलं. मनापासून काही करायचंच असेल तर वहीत न चढणारं करावं. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला गाडी द्यावी, दोन दिवस मांडवात राबावं.

परतफेड नकोच, असंही नाही. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये म्हणून आपल्या आया त्यात निदान चिमूटभर साखर घालून पाठवायच्या. पुरणपोळी आली म्हणून पुरणपोळीच गेली पाहिजे, असा नियम नव्हता. इथे सुदाम्याचे पोहे आठवतीलच. पण कृष्णाने सुदाम्याला दर शनिवारी बाहेर जेवायला बोलावलं नव्हतं, हेही लक्षात असू द्या. कमी कमावणाऱ्या मित्रालाही त्याची पाळी मिळायला हवी. त्याने चहाचे पैसे काढले की हात धरू नका. त्याने घरी पिठलं-भाकरीला बोलावलं तर जा, आणि जाताना हजाराची मिठाई नेऊ नका.

मोठ्या रकमांपुरतं एक कायद्याचं. आयकराच्या लेखी मित्र हा नातेवाईक नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या रोख भेटी पन्नास हजारांच्या वर गेल्या तर वरच्या भागावरच नाही, सगळ्या रकमेवर कर लागतो. ज्याचं लग्न त्याला मिळालेला आहेर मात्र यातून सुटतो.

पुढच्या सहलीचा मेसेज टाकाल तेव्हा समुद्राच्या फोटोआधी माणशी किती ते लिहा. आणि कुणी डाळभात सांगितला, तर बिल त्याला डाळभाताचंच द्या.