काच आणि राळेची पाटी

बिघडलेला रेडिओ किंवा मोबाइलचा चार्जर दुकानात उघडलेला तुम्ही पाहिला असेल. त्याच्या आत एक चपटी पाटी असते आणि तिच्यावर लहान लहान सुटे भाग बसवलेले असतात. दुरुस्ती करणारा कारागीर तिला नुसते 'बोर्ड' म्हणतो. कारंजा असो की रिसोड, हा शब्द सगळीकडे चालतो. सुट्या भागांकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु ज्या पाटीवर ते उभे असतात, ती कशाची बनलेली आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. चांगल्या प्रतीची पाटी काचेची असते, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. काच तर हातातून पडली की फुटते!

ही काच तावदानासारखी नसते. वितळलेली काच बारीक छिद्रांतून वेगाने ओढली, की तिचे तंतू निघतात. ते आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. या तंतूंचे सूत करून मागावर त्याचे कापड विणतात. उभे धागे आणि आडवे धागे यांना मराठीत ताणाबाणा म्हणतात. उर्दूतही जवळजवळ हाच शब्द आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव (आपल्या वाशिम जिल्ह्यातले मालेगाव नव्हे!) यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. काचेचे कापड विणण्याची रीत मुळात तीच.

हे कापड मग राळेत भिजवतात. ही राळ झाडाची नव्हे, ती कारखान्यात तयार होते. तिला इपॉक्सी म्हणतात. दोन नळ्यांतील पदार्थ एकत्र कालवून तुटलेली वस्तू चिकटवतात, तो पदार्थ याच कुळातला. इपॉक्सी एकदा घट्ट झाली, की पुन्हा वितळत नाही. भिजवलेले कापड भट्टीत अर्धवट सुकवतात. असे साधारण आठ थर एकावर एक रचतात. वर आणि खाली तांब्याचा पातळ पत्रा ठेवतात आणि सगळे तापत्या दाबयंत्रात दाबतात. बाहेर निघते ती सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची एकजीव पाटी. घराच्या स्लॅबमध्ये काँक्रीटला लोखंडी सळया बळ देतात, तसेच येथे राळेला काचेचे धागे बळ देतात. म्हणूनच ही पाटी पडली तरी सहसा फुटत नाही.

तांब्याचा पत्रा बहुधा मिलिमीटरच्या ३५ हजारांश भागाएवढा जाड असतो. ज्या रेषांतून वीज न्यायची, तेवढ्या रेषा झाकून ठेवतात आणि बाकीचे तांबे रसायनात विरघळवून टाकतात. उरलेल्या रेषा म्हणजेच तारा. पॉल आइस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने इंग्लंडमध्ये १९३६ साली अशा छापील तारांचा रेडिओ तयार केला होता. त्याआधी रेडिओत तारांचे जंजाळ असे. पाटीचा हिरवा रंग मात्र तिचा स्वतःचा नाही. तो वरून दिलेला संरक्षक लेप आहे. आतली पाटी फिकट पिवळसर असते.

आता मुख्य गोष्ट. राळ हा जळणारा पदार्थ आहे. पाटीतून तर वीज वाहते. एखादा जोड ढिला झाला किंवा एखादा भाग बिघडला, की तेथे ठिणगी पडू शकते. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. शेतातल्या सौर पंपाची नियंत्रक पेटी अशा वेळी किती तापत असेल, याचा विचार करा. म्हणून राळेतच ब्रोमीन हे मूलद्रव्य मिसळून टाकतात. आग म्हणजे एक साखळी असते. जळणाऱ्या पदार्थातून निघालेले कण पुढच्या कणांना पेटवतात. पाटी तापली, की ब्रोमीन बाहेर पडते आणि त्या कणांना पकडते. साखळीची कडी तुटते व ज्वाला विझते.

हे खरोखर घडते की नाही, याची परीक्षा घेतात. पाटीची एक पट्टी उभी टांगतात. तिच्या खालच्या टोकाला दहा सेकंद ज्योत लावून काढून घेतात. पट्टी दहा सेकंदांच्या आत आपोआप विझली पाहिजे. मग पुन्हा एकदा तसेच करतात. अशा पाच पट्ट्या तपासतात. आणखी एक अट आहे आणि ती आपल्या वऱ्हाडच्या मुलांना चटकन कळेल. पट्टीच्या खाली सुमारे ३० सेंटिमीटरवर कापूस ठेवतात. पट्टीतून जळता थेंब गळून तो कापूस पेटला, तर पाटी या प्रतीत नापास! ज्या घरात कापसाचा ढीग असतो, त्या घरात या अटीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या पाटीला 'एफआर-४' म्हणतात. अमेरिकेतील विद्युत उत्पादकांच्या संघटनेने हे नाव १९६८ साली दिले. पहिली दोन अक्षरे ज्वालारोधक या अर्थाची आहेत. चार हा आकडा मात्र आगीशी झुंजण्याच्या ताकदीचा नाही, तो यादीतला क्रमांक आहे. त्याआधीच्या तीन क्रमांकांच्या पाट्या कागदाच्या थरांपासून बनतात. स्वस्त वस्तूंत आजही तपकिरी कागदी पाटी दिसते. ती ओलावा जास्त शोषते आणि वाकवली तर लवकर मोडते. काचेची पाटी ओळखायची असेल, तर जेथे तांबे नाही तो भाग उजेडासमोर धरा. त्यातून प्रकाश झिरपतो आणि कधी कधी विणीचे चौकोनही दिसतात. चालू वस्तू मात्र कधीही उघडू नका. पाटी कापू किंवा घासूही नका, कारण काचेची धूळ डोळ्यांत आणि श्वासात जाते.

ज्वालारोधक याचा अर्थ कधीच न जळणारी, असा नाही. ठिणगीपुढे ही पाटी टिकते, परंतु पेटत्या भट्टीत टाकली तर तीही जळते. तिच्यातले तांबे मिळवण्यासाठी काही ठिकाणी लोक असे करतात. मग आग रोखणारे तेच ब्रोमीन विषारी धुराला कारण होते. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद पितळी भांड्यांसाठी नावाजलेले आहे. पण तेथे जुन्या पाट्या जाळण्याचा धंदाही वाढला आणि त्यांची राख रामगंगा नदीच्या काठी साचली. लहान मुलेसुद्धा हे काम करत. जुनी यंत्रे नोंदणीकृत केंद्रांतून मोडून घेण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. पाट्या न जाळता त्या यंत्रांत भरडून तांबे वेगळे काढता येते. राळ वितळत नसल्यामुळे शेवटी काच आणि राळ यांची भुकटी उरते. ती एकमेकांपासून सोडवणे फार अवघड असते.