दोन ओळींचा बदल, शंभर चेनचा पैसा

मोबाइलमधलं क्रिप्टो वॉलेट उघडलं की बिटकॉइन, इथेरियम, सोलाना, डोजकॉइन सगळे एकाच यादीत गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. आत मात्र प्रत्येकाची तऱ्हा न्यारी. सही करायची रीत वेगळी, पत्ता लिहायची पद्धत वेगळी, पैसे मोजायचं माप वेगळं. हे सगळं सांभाळून घेते ती वॉलेट लायब्ररी. ट्रस्ट वॉलेटची ‘वॉलेट कोअर’ ही त्यातली नावाजलेली. शंभरावर चेन (म्हणजे ब्लॉकचेन), कोड सगळ्यांसाठी खुला, मूळ बांधणी सी प्लस प्लसमध्ये आणि आता बराच भाग रस्टमध्ये. आयफोन, अँड्रॉइड आणि ब्राउझर या तिन्हींना एकाच जागेवरून पुरवठा.

इथे कुणी बदल सुचवला, म्हणजे पीआर टाकला, की तो मर्ज होण्याआधी, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी, दुसऱ्या कुणीतरी ओळीओळीने वाचायचा असतो. हा कोड रिव्ह्यू. त्यात अवघड गणितापेक्षा दिसायला सारख्या आणि वागायला वेगळ्या अशा बारीक गोष्टीच जास्त दगा देतात. म्हणून पीआर जितका छोटा, तितका तो सावकाश वाचावा, असं माझं ठाम मत आहे. त्यामागचे हे काही किस्से.

रामानुजन आणि एडा, दोघंही वॉलेटमध्ये

एकाच बारा शब्दांच्या वाक्यातून सगळ्या चेनच्या किल्ल्या निघतात, त्या एका ठरलेल्या ‘पाथ’वरून. त्या पाथमध्ये प्रत्येक नाण्याचा एक क्रमांक असतो. बिटकॉइन ०, लाइटकॉइन २, डोजकॉइन ३, इथेरियम ६०, सोलाना ५०१. क्रमांक १ सगळ्या चाचणी नेटवर्कांसाठी राखून ठेवलाय.

आता मजा बघा. टेझोसचा क्रमांक आहे १७२९, म्हणजे रामानुजन आणि हार्डी यांच्या टॅक्सीची ती सुप्रसिद्ध संख्या. दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे मांडता येणारी सगळ्यात लहान. कार्डानोचा क्रमांक १८१५, कारण त्या साली एडा लव्हलेसचा जन्म झाला आणि कार्डानोच्या नाण्याचं नावच एडा. पुढे कार्डानोने पाथची पहिली पायरीही बदलली. बाकी बहुतेकांची ४४ असते, यांची १८५२. ते एडाच्या मृत्यूचं साल.

आता यातला एक आकडा नजरचुकीने बदलला तर? कंपायलर तक्रार करणार नाही. अ‍ॅप चालू राहील. फक्त प्रत्येक वापरकर्त्याला वेगळाच पत्ता दिसेल आणि शिल्लक शून्य. पैसे कुठेही गेलेले नसतात, पण माणसाच्या काळजाचा ठोका चुकतो. सोलानाच्या बाबतीत तर वॉलेटांमध्येच मतभेद आहेत; काही जण पाथमध्ये एक पायरी जास्त घेतात. म्हणून मुरलेला रिव्ह्यूअर पाथला हात लावणारा पीआर दिसला की पहिली कमेंट हीच टाकतो: हाच पत्ता याच शब्दांवरून दुसऱ्या वॉलेटमध्ये काढून दाखवा.

अकरा वेळा ‘अबॅन्डन’

वॉलेटच्या टेस्टमध्ये एक वाक्य हमखास भेटतं: अकरा वेळा ‘अबॅन्डन’ आणि शेवटी ‘अबाउट’. हे आलं कुठून? बिप-३९ या मानकाच्या यादीत २०४८ इंग्रजी शब्द आहेत. शून्याव्या जागेवर ‘अबॅन्डन’, एकवर ‘अबिलिटी’, दोनवर ‘एबल’, तीनवर ‘अबाउट’. १२८ बिट सगळे शून्य घेतले तर पहिले अकरा शब्द ‘अबॅन्डन’ होणारच. बाराव्या शब्दातले शेवटचे चार बिट पडताळणीचे. ते त्या शून्यांच्या हॅशमधून, म्हणजे त्यांच्यावरून सूत्राने काढलेल्या ठशातून येतात, आणि हेक्समध्ये लिहिलेल्या त्या हॅशचा पहिला अंक ३ आहे. म्हणून ‘अबाउट’. कागदावर ताडून बघण्याजोगं इतकं स्वच्छ उदाहरण या क्षेत्रात क्वचित मिळतं.

हे वाक्य जगजाहीर आहे. त्याच्या पत्त्यावर खरे पैसे पाठवले तर टपून बसलेले बॉट ते उचलून नेतात. टेस्टमध्ये हे वाक्य दिसलं की रिव्ह्यूअर निर्धास्त असतो. अनोळखी बारा शब्द दिसले, तर मात्र ते कुणाच्या खऱ्या वॉलेटचे नाहीत ना, हे विचारायलाच हवं. (बिप-३९ च्या अधिकृत दहा शब्दयाद्यांत जपानी, कोरियन, चेक आहेत, भारतीय भाषेतली एकही नाही.)

टेस्ट हिरव्या, तिजोरी उघडी

या सगळ्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग नोव्हेंबर २०२२ चा आहे. ट्रस्ट वॉलेटचं ब्राउझर एक्स्टेन्शन आलं. आयफोन आणि अँड्रॉइडवर यादृच्छिक आकडे फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतले जात होते. तिथे काही बिघडलं नव्हतं. ब्राउझरसाठी वेब असेम्ब्लीचा वेगळा कोड लिहावा लागला. त्यात आकडे काढायला ‘मर्सेन ट्विस्टर’ हे जनरेटर वापरलं गेलं.

मर्सेन ट्विस्टर ऐकायला भारदस्त. त्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला २ चा १९९३७ वा घात, वजा एक, इतका पल्ला लागतो. सिम्युलेशनसाठी उत्तमच. पण इथे त्याला सुरुवात करून द्यायला दिलेला आकडा होता फक्त ३२ बिटांचा. म्हणजे शक्यता किती? सुमारे ४२९ कोटी. बारा शब्दांच्या वॉलेटसाठी असायला हव्यात २ चा १२८ वा घात, म्हणजे ३९ आकडी संख्या. ४२९ कोटी शक्यता आजचा संगणक मुकाट्याने एकेक करून तपासू शकतो. प्रत्येक शक्यतेवरून वॉलेट बनवायचं, पत्ता काढायचा, त्यात पैसे आहेत का बघायचं.

आता रिव्ह्यूअरच्या खुर्चीत बसून विचार करा. निघालेले बारा शब्द यादीतलेच. पडताळणीचे बिट बरोबर. पत्ता वैध. दरवेळी वेगळं वॉलेट तयार होतंय. सगळ्या टेस्ट हिरव्या. ही चूक कुठल्याही साध्या टेस्टला सापडत नाही. सापडते ती फक्त ‘हा आकडा येतो कुठून?’ असं विचारत शेवटच्या फंक्शनपर्यंत जाणाऱ्या डोळ्यांना. लेजर कंपनीच्या डॉनजॉन या सुरक्षा पथकाने ती शोधली आणि कळवली. १४ ते २३ नोव्हेंबर या काळात एक्स्टेन्शनमध्ये तयार झालेले पत्ते धोक्यात होते. एप्रिल २०२३ मध्ये हे जाहीर झालं तोवर सुमारे १ लाख ७० हजार डॉलर गेले होते. कंपनीने भरपाई देऊ केली.

आणि हा अपवाद नव्हता! २०२३ च्या जुलैमध्ये लिबबिटकॉइन एक्सप्लोरर या साधनाने बनवलेली वॉलेटं लुटली गेली. तिथेही मर्सेन ट्विस्टर, तिथेही ३२ बिट, आणि वर सुरुवातीचा आकडा संगणकाच्या घड्याळातून घेतलेला. घड्याळ शून्यावर ठेवलं तर निघणाऱ्या वाक्याचे पहिले दोन शब्द ‘मिल्क सॅड’. शोधणाऱ्यांनी या दोषाला तेच नाव देऊन टाकलं. प्रोफॅनिटी हे मनपसंत इथेरियम पत्ते बनवणारं साधनही ३२ बिटांनीच बुडालं. सप्टेंबर २०२२ मध्ये विंटरम्यूट या कंपनीचे सुमारे १६ कोटी डॉलर त्याच वाटेने गेले, असं मानलं जातं.

झटपट काही

इथेरियमचा हॅश ‘केचॅक’. अमेरिकेच्या मानक संस्थेने त्याचंच पुढे ‘एसएचए-३’ केलं, पण शेवटी भर म्हणून जोडायचा बाइट बदलला: ०१ च्या जागी ०६. एका बाइटमुळे हॅश संपूर्ण वेगळा. त्यात भर म्हणजे जुन्या इथेरियम साधनांत ‘एसएचए-३’ नावाचं फंक्शन असायचं आणि ते आतून केचॅक चालवायचं. नावावर जाऊ नका, टेस्टमधला आकडा जुळवा.

बिटकॉइनला दशांशानंतर ८ घरं, सोलानाला ९, इथेरियमला १८, निअरला २४. जावास्क्रिप्टचा साधा आकडा ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच बिनचूक राहतो. इथेरियमच्या सर्वांत लहान एककात, म्हणजे वेईमध्ये मोजलं तर ०.०१ इथरलाच ही मर्यादा ओलांडली जाते. त्याहून फसवा प्रकार डॉलरशी बांधलेल्या यूएसडीटी या नाण्याचा: नाव तेच, भाव तोच, पण इथेरियमवर ६ घरं आणि बीएनबी स्मार्ट चेनवर १८. एकीकडचा हिशेब दुसरीकडे लावला तर रक्कम एक लाख कोटी पटींनी चुकते.

बिटकॉइनचे जुने पत्ते आणि एक्सआरपीचे पत्ते, दोन्हींत तीच ५८ अक्षरं आणि आकडे. फक्त क्रम वेगळा. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की पत्ता बाद.

बिटकॉइनचे ‘बेक३२’ पत्ते २०१७ मध्ये सुचवले गेले. टायपिंगची चूक पकडण्यात ते पटाईत. नंतर लक्षात आलं की शेवटचं अक्षर ‘पी’ असेल तर त्याच्या लगेच आधी कितीही ‘क्यू’ घाला किंवा काढा, पडताळणी तरीही पास होते! उपाय म्हणून आलेल्या ‘बेक३२एम’मध्ये सूत्रातली एकच स्थिर संख्या बदलली. आता शून्य आवृत्तीच्या पत्त्यांना जुना नियम आणि पहिल्या आवृत्तीपासून (म्हणजे टॅपरूटपासून) पुढच्यांना नवा. रिव्ह्यूमध्ये ही अट दिसली नाही, तर पीआर परत पाठवावा.

कोडमधली ‘मुंबई’

इथेरियमच्या जातकुळीतल्या सगळ्या चेनवर तुमचा पत्ता एकच असतो. मग एका चेनवरची सही दुसरीकडे चालू नये म्हणून २०१६ पासून सहीत ‘चेन आयडी’ मिसळतात. इथेरियम १, बीएनबी ५६, पॉलिगॉन १३७. भारतीय अभियंत्यांनी उभ्या केलेल्या पॉलिगॉनच्या चाचणी नेटवर्कचं नाव होतं मुंबई, आयडी ८०००१. जगभरच्या वॉलेट कोडमध्ये ‘मुंबई’ लिहिलेलं असायचं. एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झालं आणि त्याची जागा ‘अमॉय’ने घेतली, आयडी ८०००२. आज एखाद्या नव्या पीआरमध्ये ८०००१ दिसला, तर तो जुन्या कोडवरून उचलून चिकटवलाय हे ओळखावं आणि बाकीच्या ओळीही त्याच संशयाने वाचाव्यात.

सूचना आली होती

जुलै २०१७ मध्ये पॅरिटी या इथेरियम वॉलेटवर दरोडा पडला. दुरुस्त आवृत्ती तातडीने आली. तिच्यात अनेक वॉलेटं एकाच सामाईक लायब्ररी कॉन्ट्रॅक्टवर (चेनवर बसवलेल्या प्रोग्रामवर) चालत होती, आणि ती लायब्ररी स्वतः मात्र कुणाच्याच मालकीची करून ठेवलेली नव्हती. ऑगस्टमध्ये एकाने गिटहबवर सुचवलं होतं की लायब्ररी बसवतानाच तिचं मालकी ठरवणारं फंक्शन चालवून टाका. कंपनीने ती सोयीची सुधारणा समजून पुढच्या अपडेटसाठी ठेवली. ६ नोव्हेंबरला कुणीतरी ते फंक्शन चालवलं, लायब्ररीचा मालक झाला आणि लायब्ररी नष्ट करण्याची आज्ञा दिली. ५८७ वॉलेटं आणि ५,१३,७७४ इथर जागच्या जागी गोठले. ते सोडवण्यासाठी २०१८ मध्ये इथेरियमचे नियम बदलण्याचा प्रस्ताव आला, तो स्वीकारला गेला नाही. पैसे अजून तिथेच आहेत. अचूक कमेंट तीन महिने आधी आली होती, हे वाचून आजही हळहळ वाटते.

बदललेल्या ओळींत न दिसणारं

२०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजची देखभाल एका अनोळखी माणसाकडे गेली आणि त्याने एक नवी छोटी लायब्ररी जोडली. तिच्यातला विषारी भाग कुलूपबंद होता. किल्ली म्हणून तो भाग ज्या प्रकल्पात बसलाय त्याचं वर्णन वापरायचा, आणि ते वर्णन कोपे या बिटकॉइन वॉलेटचंच असेल तर उघडायचा. बाकी लाखो संगणकांवर तो निमूट पडून राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये वेबसाइटना वॉलेट जोडणाऱ्या लेजरच्या कनेक्ट किटचं पॅकेज असंच बिघडवलं गेलं, माजी कर्मचाऱ्याचा प्रवेश चोरून. सुमारे ६ लाख डॉलर गेले. म्हणून वापरलेल्या सगळ्या पॅकेजांची नोंद ठेवणारी हजारो ओळींची लॉक फाइल ‘ती आपोआप बनते’ म्हणून गुंडाळून ठेवायची नसते. नवं नाव कुठलं आलं, तेवढं तरी शोधायचंच.

कधी डोळ्यांसमोरचा कोडही खरा नसतो. २०२१ मध्ये केंब्रिजच्या दोन संशोधकांनी दाखवलं की अरबी-हिब्रूसाठी असलेली दिशा बदलणारी अदृश्य युनिकोड चिन्हं पेरली, तर माणूस एक वाचतो आणि कंपायलर दुसरंच. आणि कधी घात करते एक निरुपद्रवी लॉगची ओळ. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलानावरची हजारो वॉलेटं रिकामी झाली. तपासात दिसलं की स्लोप वॉलेट वापरकर्त्यांचे गुप्त शब्द उघड्या मजकुरात त्रुटी नोंदवणाऱ्या सर्व्हरकडे पाठवत होतं.

अशा चुका पकडण्यासाठी कोड बसून तपासायची शिस्त आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्येच मांडली होती. एका बैठकीत दोनशे ते चारशे ओळींपेक्षा जास्त वाचू नये, असा सल्ला आज सर्रास दिला जातो.

वॉलेट कोअरचा कोड कुणालाही वाचता येतो. कंप्युटर इंजिनीअरिंग शिकत असाल किंवा नुकती नोकरी लागली असेल, तर एखादी नवी चेन जोडणारा पीआर उघडा. आधी टेस्टची फाइल वाचा. त्यातल्या शब्दांवरून निघणारा पत्ता दुसऱ्या वॉलेटमध्ये स्वतः काढून बघा. जुळला नाही तर संकोच न करता कमेंट टाका.