१ जूनची जन्मतारीख आणि फाशीचा प्रश्न

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या जुन्या जिल्हा परिषद शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही उघडली, तर जन्मतारखेच्या रकान्यात ओळीमागून ओळ १ जून दिसते. मुखेड, कंधार, जळकोट या तालुक्यांतली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. मूल फडातल्या कोपीत जन्मते. आईला हंगाम आठवतो, तारीख नाही. मग शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरतात आणि पुढे १ जून लिहून टाकतात. पेन्शन, नोकरी, लग्न, सगळे याच तारखेवर चालते. पण गंभीर गुन्ह्यात नाव आले, तर तो माणूस फासावर जाऊ शकतो की नाही, हेही हीच नोंद ठरवते.

कायदा स्पष्ट आहे. गुन्ह्याच्या दिवशी वय अठराच्या आत असेल, तर फाशी नाही. २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम २१ने सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही बंद केली. सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलावर प्रौढासारखा खटला चालला, तरी हे संरक्षण राहते. वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवसाचे, निकालाच्या दिवसाचे नव्हे.

तरीही महाराष्ट्रात चूक झाली आहे.

जून २००३मध्ये नाशिक भागात एका कुटुंबातल्या पाच जणांचे खून झाले. पकडले गेलेले सहा जण भटक्या जमातीतले गरीब मजूर होते. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६मध्ये सर्वांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे ठरायला २०१२ साल उजाडले. तीन न्यायालयांतून त्याचे प्रकरण गेले आणि वयाचा कागद कुणी नीट मागितला नाही! पुढे ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश निघाला. तोवर जवळजवळ सोळा वर्षे गेली होती.

पुण्याचे प्रकरण आणखी जुने आहे. ऑगस्ट १९९४मध्ये तिथे एका घरातल्या सात जणांचे खून झाले. त्यात दोन मुले होती आणि मारल्या गेलेल्या महिलांमध्ये एक गर्भवती होती. गुन्हा भयंकर होता, यात वाद नाही. सर्वोच्च न्यायालयाने सन २०००मध्ये फाशी कायम केली. मात्र एका दोषीच्या राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीत १९८२चा जन्म होता. त्या नोंदीप्रमाणे गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नोंद मान्य करून त्याला सोडायला सांगितले. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. मृतांच्या आप्तांना हा निकाल जड गेला असणार, ते समजण्यासारखे आहे. पण साडेबारा वर्षांच्या मुलाला फाशी सुनावणे ही न्यायव्यवस्थेची चूक होती आणि ती पहिल्याच दिवशी शाळेत एक पत्र पाठवून टळली असती.

देशातल्या न्यायालयांकडून अशी चूक झाली, तर इतर खंडांत राष्ट्रीय न्यायालयाच्या पुढेही एक दार असते. युरोपात स्ट्रासबर्गला मानवी हक्क न्यायालय आहे, लॅटिन अमेरिकेसाठी कोस्टारिकातल्या सान होसेला, आफ्रिकेसाठी टांझानियातल्या अरुशाला. अमेरिका खंडाच्या मानवी हक्क करारात अठराच्या आतल्यांना फाशी नाही, असे थेट लिहिले आहे. तिथल्या मानवी हक्क आयोगाने १९८७मध्ये आणि २००२मध्ये, अल्पवयीन असताना केलेल्या गुन्ह्यांसाठी दिलेल्या फाशीवरून खुद्द अमेरिकेला दोषी धरले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००५मध्ये अल्पवयीनांसाठी ही शिक्षा रद्द केली, तीही पाच विरुद्ध चार मतांनी.

आशियात असे न्यायालय नाही. भारताने १९७९मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आणि १९९२मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. दोन्ही करार मुलांच्या फाशीला मनाई करतात. मात्र व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार नेऊ देणारा पूरक करार भारताने मानलेला नाही. म्हणून नांदेडच्या किंवा लातूरच्या सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे पुष्टीसाठी जाते, तिथून दिल्लीला, मग राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. देशाबाहेर त्यापुढे रस्ता नाही.

त्यामुळे गावातल्या कागदाला एवढे महत्त्व येते. वय ठरवताना न्यायालय आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहते, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. हाडांवरून काढलेल्या वयात दोनेक वर्षांचा फरक पडू शकतो. सतरा की एकोणीस, हा प्रश्न त्या फरकातच अडकतो. अंदाजाने लिहिलेली १ जूनची तारीख दोन्हीकडे फिरते. पहिलीत लवकर बसवायला वय वाढवून सांगितले असेल, तर तेच पुढे मुलाच्या अंगाशी येते.

अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही टप्प्यावर, अंतिम निकाल लागल्यानंतरही करता येतो. त्यासाठी वकील परवडत नसेल, तर नांदेड आणि लातूर दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तुरुंगातल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो. घरच्यांनी तिथे जाताना मुलाने पहिल्यांदा ज्या शाळेत नाव घातले, तिथला निर्गम उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह बरोबर न्यावा. शाळा बदलली असेल, तर दोन्हीकडचा न्यावा.