बुद्धी घटली की आकडेमोड दुरावली?

बंगळुरू : जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतील अनेक चहाच्या टपऱ्या, बेकऱ्या आणि भाजीच्या गाड्यांवरील क्यूआर कोड एकाएकी उतरले आणि त्यांच्या जागी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांच्या नोंदींवरून मागील काही वर्षांची उलाढाल काढली होती आणि तिच्या आधारे हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या होत्या. वस्तूंची विक्री वर्षाला ४० लाख रुपयांच्या, तर सेवेची २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी आवश्यक ठरते. व्यापाऱ्यांनी २५ जुलै रोजी बंद पुकारला होता. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्याशी २३ जुलै रोजी झालेल्या चर्चेनंतर तो मागे घेण्यात आला.

व्यापाऱ्यांच्या तक्रारींत तथ्य होते. एकाच खात्यात विक्रीचे पैसे, नातेवाइकांनी पाठवलेली रक्कम आणि हातउसने असे सारे एकत्र जमा झालेले होते. भाजी, फळे, दूध यांवर तर करच नाही. तरीही या प्रकरणातील एक गणित लक्ष वेधून घेते. वीस लाख ही रक्कम टपरीवाल्याला आपल्या आवाक्याबाहेरची वाटते. तिला ३६५ ने भागले तर दिवसाला सुमारे ५,४७९ रुपये येतात. चहाचा कप १५ रुपयांना धरला तर हे झाले दिवसाला ३६५ कप. बसस्थानकाजवळच्या चालत्या टपरीला एवढी विक्री अवघड नाही. चाळीस लाखांची मर्यादाही अशीच दिवसाच्या ११ हजार रुपयांपाशी येऊन थांबते. भागाकार प्राथमिक शाळेतला आहे. फोन प्रत्येक रुपयाची नोंद ठेवत होता, पण हा भागाकार करण्याची वेळ कोणावर आलीच नव्हती.

अशा प्रसंगांनंतर एक जुनी तक्रार हमखास डोके वर काढते. हल्लीच्या माणसांना साधा हिशेब येत नाही, समाजाची एकूण बुद्धीच उतरणीला लागली आहे, असे म्हटले जाते. या एका तक्रारीत दोन निराळे प्रश्न मिसळलेले असतात. बुद्धी घटली का, हा एक. आकडेमोड घटली का, हा दुसरा. त्यांची उत्तरे एक नाहीत.

पहिल्या प्रश्नावर जगभर बरेच संशोधन झाले आहे. न्यूझीलंडमधील अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, अमेरिकेत बुद्धिमापन चाचण्यांतील गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत आले आहेत. पुढे इतर अनेक देशांतही तेच आढळले. शालेय शिक्षणाचा प्रसार, पोषण, लहान कुटुंबे आणि अमूर्त विचाराची सवय अशी कारणे त्यासाठी सांगितली जातात. मात्र नॉर्वेमध्ये ही चढण थांबली. तेथील बर्न्ट ब्राट्सबर्ग आणि ओले रोगबर्ग यांनी १९६२ ते १९९१ या काळात जन्मलेल्या पुरुषांच्या लष्करभरतीच्या चाचण्या तपासल्या. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जन्मलेल्यांचे गुण चढत गेले आणि त्यानंतरच्यांचे उतरले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे महत्त्व त्याच्या पद्धतीत आहे. संशोधकांनी सख्ख्या भावांची तुलना केली आणि ही घसरण एकाच घरातील थोरल्या-धाकट्यांमध्येही दिसली. आई-वडील तेच असल्यामुळे आनुवंशिकतेकडे बोट दाखवणे शक्य राहिले नाही. कारण परिस्थितीत शोधावे लागते.

भारतात अशी दीर्घकालीन तुलना करणे कठीण आहे आणि त्यामागील एक कारण कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या इतिहासात दडलेले आहे. धारवाड मुंबई प्रांतात होते त्या काळात, १९३०च्या दशकात, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या प्रसिद्ध चाचणीचे भारतीय रूप तयार केले. ते कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी होते. ‘बिने-कामत’ नावाने ओळखली जाणारी ही चाचणी आजही देशातील अनेक मनोविकार केंद्रांत वापरली जाते. तिचे मानदंड, म्हणजे कोणत्या वयाच्या मुलाला काय यायला हवे याचे आडाखे, काही पिढ्यांपूर्वीचे आहेत. जुन्या मोजपट्टीने मोजल्यास आजचे मूल आहे त्यापेक्षा अधिक हुशार ठरण्याची शक्यता असते. हा केवळ अभ्यासकांचा वाद नव्हे. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र देताना ७० हा बुद्ध्यंक निर्णायक ठरतो. सीमारेषेवरच्या मुलाला जुन्या मानदंडामुळे चार-पाच गुण जास्त मिळाले, तर त्याला मिळू शकणारी सवलत आणि मदत हातची जाते.

बुद्धी आणि हिशेब एकच मानण्याचा घोटाळा तर त्याहून जुना आहे. तो दूर करण्यास बंगळुरूत जन्मलेल्या शकुंतलादेवींचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी करून दाखवला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी १९८८ मध्ये त्यांची चाचणी घेतली. दिवा लागताच बटण दाबणे यांसारख्या साध्या कसोट्यांत त्यांच्या मेंदूचा वेग सर्वसामान्य माणसाइतकाच आढळला. आकड्यांशी लहानपणापासून जडलेले नाते आणि अखंड सराव यांतूनच ते सामर्थ्य आले असावे, असा अर्थ त्यातून निघतो.

सराव गरजेपोटी होतो आणि गरज सरली की तो सुटतो. मराठी घरांना याचा अनुभव आहे. पूर्वीच्या शाळांत उजळणीबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असा व्यवहार असताना या पाढ्यांवाचून बाजारात उभे राहणे शक्य नव्हते. चार आणे शेर दराचा गूळ पावणेतीन शेर घेतला तर अकरा आणे, हे उत्तर पाटी-पेन्सिल न घेता यावे लागे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५८ ते १९६२ या काळात शेर जाऊन किलो आला आणि औटकीचे प्रयोजन संपले. ती विसरणाऱ्या पिढीला कोणी मंदबुद्धी म्हटले नाही. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द तेवढे बोलण्यात उरले.

आज बंगळुरूत जे घडत आहे ते याच जातीचे आहे, मात्र त्याचा वेग फार मोठा आहे. शहरातील बसवाहक सुटे पैसे नसले की देणे असलेली रक्कम तिकिटाच्या पाठीमागे लिहून देत. ती प्रवाशांच्या अंगवळणी पडलेली रीत होती. (याच शहराच्या बससेवेत वाहक म्हणून काम केलेले, मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड पुढे रजनीकांत म्हणून ख्यातनाम झाले.) जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली महिला शून्य रुपयाच्या तिकिटावर प्रवास करू लागल्या आणि बसमध्ये क्यूआर कोडही आले. मोड देण्याचे प्रसंगच कमी झाले. मोड देणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. ६३ रुपयांच्या मालासाठी शंभराची नोट आली की जाणता विक्रेता शंभरातून त्रेसष्ट वजा करत नाही. तो त्रेसष्टवर दोन ठेवून पासष्ट, पाच ठेवून सत्तर आणि तीस ठेवून शंभर करतो. ही वजाबाकी बेरजेच्या वाटेने होते आणि ग्राहकही ती मनात पडताळून पाहतो. आता ध्वनियंत्र रक्कम जाहीर करते आणि व्यवहार संपतो. वेळ वाचतो, सुट्यांची कटकट वाचते, हे खरेच. पण दिवसातून पन्नास वेळा होणारा हा सरावही त्याच्याबरोबर जातो.

मग ही उणीव शाळा भरून काढते का? येथे आकडे चिंता वाढवणारे आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार पाचवीतील भागाकार करू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.९ टक्के होते, २०२२ मध्ये ते २५.६ टक्क्यांवर आले आणि २०२४ मध्ये ३०.७ टक्क्यांपर्यंत चढले. म्हणजे कोरोनाकाळातील घसरण भरून निघाली आहे, मात्र मूळ पातळीच फार खालची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात सहावीच्या केवळ ५३ टक्के विद्यार्थ्यांना दहापर्यंतचे बेरजेचे व गुणाकाराचे पाढे येत होते.

‘असर’ने २०२३ मध्ये १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण युवकांची जी पाहणी केली ती अधिक बोलकी आहे. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ४३.३ टक्के युवकांना जमले. वस्तूचे टोक पट्टीवर शून्यापाशी ठेवले तेव्हा सुमारे ८५ टक्के युवकांनी लांबी बरोबर सांगितली, तेच टोक पुढे सरकवल्यावर हे प्रमाण ३९ टक्क्यांवर घसरले. ज्यांना वजाबाकी किंवा त्यापुढचे गणित येते अशांपैकीही कर्जफेडीची रक्कम काढता आली ती जेमतेम दहा टक्क्यांना. आणि याच युवकांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास मुलांच्या घरी स्मार्टफोन होता व तो वापरता येत होता. हप्त्यांवर वस्तू घेण्याच्या आणि मोबाइलवर झटपट कर्ज मिळण्याच्या काळात हा दहा टक्क्यांचा आकडा भागाकाराच्या आकड्यापेक्षा अधिक काळजीचा मानावा लागेल.

रोग नेमका कोठे आहे, याचा उलगडा ‘नेचर’ या नियतकालिकात २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासातून होतो. नोबेल पुरस्कारप्राप्त अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणारी १,४३६ मुले तपासली. बाजारातील गुंतागुंतीचे हिशेब जवळपास सर्वांनी बिनचूक केले. तेवढीच, किंबहुना सोपी उदाहरणे शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडल्यावर मात्र ती अडखळली. शेजारच्या शाळांतील ४७१ मुलांची गत उलटी होती. कागदावरची साधी उदाहरणे त्यांनी अधिक अचूक सोडवली, पण बाजारातील एक उदाहरण, जे काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांना सुटले, ते त्यांच्यातील अवघ्या एक टक्क्याला जमले. ब्राझीलमधील रेसिफे येथे नारळ आणि फळे विकणाऱ्या मुलांबाबत १९८५ मध्ये असाच निष्कर्ष निघाला होता. पाहणीतील मुले पाचच होती, पण ठेल्यावर ९८ टक्के उत्तरे बरोबर देणारी तीच मुले कागदावर ३७ टक्क्यांवर आली.

बुद्धी दोन्हीकडे आहे, दोघांमधला पूल मात्र नाही. बाजार आता हिशेब शिकवेनासा झाला आहे आणि शाळेने बाजार वर्गात आणलेला नाही. त्यामुळे सर्वांत आधी लोप पावतो तो अंदाज. यंत्राने दिलेले उत्तर ‘असे कसे असेल’ म्हणून थबकण्याची सवय जाते. वीस लाखांना ३६५ ने भागण्याचे सुचणे हे भागाकार येण्याहून वेगळे कौशल्य आहे.

भाषेचाही यात वाटा आहे. मराठी मूल ‘पंचवीस’ म्हणते तेव्हा आधी पाच येतात आणि मागून वीस, लिहिताना मात्र क्रम उलटतो. कन्नडमधील ‘इप्पत्तैदु’मध्ये वीस आधी आणि पाच नंतर येतात. बंगळुरूत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानांवर दोन्ही क्रम पडतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचनही दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादंग उठले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी दाक्षिणात्य भाषांतील हीच सोय तेव्हा पुढे मांडली होती. वाद अस्मितेच्या वाटेने गेला आणि मुले कोठे अडखळतात हा मुद्दा मागे पडला.

कर्नाटकात या अडखळण्यावर उपाय शोधण्याचा एक प्रयत्न बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. बंगळुरूच्या ‘अक्षरा फाउंडेशन’ने राज्य सरकारच्या सहकार्याने सरकारी शाळांत ‘गणित कलिका आंदोलन’ राबवले. मणी, ठोकळे आणि अपूर्णांकांच्या पट्ट्या हाताळत मूल आधी वस्तू मोजते, मग तिचे चित्र काढते आणि अखेरीस अंकांकडे वळते, असा त्याचा क्रम आहे. त्याला जोडून ग्रामपंचायतींच्या पातळीवर चौथी ते सहावीच्या मुलांसाठी गणित स्पर्धा होतात. पालक आणि पंचायतीचे सदस्य तेथे हजर असतात, त्यामुळे आपल्या गावातील किती मुलांना वजाबाकी आणि भागाकार येतो हे गावाला सर्वांसमक्ष कळते.