कापूस कुठे न्यायचा?

आपला कापूस कुठे विकायचा हे शेतकऱ्याने ठरवायचंच नाही, असा कायदा महाराष्ट्रात जवळपास तीस वर्षं होता. १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारी केंद्रावरच न्यायचा, व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा. हेतू चांगला होता. विदर्भातल्या कारंज्यात १८८६ सालीच नियंत्रित बाजार सुरू होऊनही दलालाचा काच सुटला नव्हता. बाजार पडला त्या वर्षी योजनेने शेतकऱ्याला तारलंही. पण केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग, गाडीखाली मुक्काम, ग्रेडर म्हणेल ती प्रत आणि चुकाऱ्यासाठी खेटे, हेही तिच्याबरोबर आलं. बाहेर भाव चढला की कापूस रातोरात मध्य प्रदेशात, आंध्रात जाई. सरकारदरबारी ती चोरी होती. मला तो शेतकऱ्याने दिलेला कौल वाटतो.

२००२ मध्ये खाजगी खरेदी खुली झाली. आता खेडा खरेदीवाला आहे, जिनिंग आहे, बाजार समिती आहे, भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय आहे. तरी चार एकरवाला बहुतेकदा दारातल्या व्यापाऱ्यालाच माल देतो. तो भाव कमी देतो, वर वजनात कट्टीही लावतो, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण वेचाई त्याच आठवड्यात द्यायची असते, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते, आणि चार क्विंटलसाठी गाडीभाडं परवडत नाही. व्यापारी नोटा मोजून हातावर ठेवतो.

२०२१-२२ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला आणि दिवाळीत विकलेले हळहळले. पुढच्या वर्षी लोकांनी कापूस घरात भरला. झोपायच्या खोलीत छताला टेकेल एवढी थप्पी, अंगाला खाज, पोरं रात्रभर जागी. तो भाव पुन्हा आलाच नाही.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. तो मिळवायला नोंदणी हवी, सातबाऱ्यावर पेरा हवा आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. आठच्या वर गेला की कपात सुरू. पहिल्या वेचणीचा कापूस दवाने भिजलेला असतो, आणि पैशांची नड नेमकी तेव्हाच असते. त्यामुळे थांबण्याची ऐपत असलेल्यालाच हमीभाव मिळतो.

सीसीआयने केंद्रं दिवाळीआधी उघडावीत, मोठ्या गावांतून उघडावीत आणि आठवड्याच्या आत पैसे खात्यावर टाकावेत. एवढं झालं तरी लहान शेतकरी दारातला सौदा नाकारू शकेल.