मिठागरातली तीन घराणी

सीबीडी बेलापूर स्टेशनबाहेर आज सिडको भवन, कोकण भवन, रिझर्व्ह बँक असा सगळा कचेऱ्यांचा पसारा. पण सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि नव्या शहरासाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यांत भातखाचरांबरोबर मिठागरंही होती. आवर्तसारणीतले गण शिकवायला, माझ्या मते, मिठागरासारखा वर्ग नाही.

दहावीत पोरं पाठ करतात: पहिला गण अल्क धातू, दुसरा अल्कमृदा धातू, सतरावा हॅलोजन. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत ही तिन्ही घराणी नांदतात. सोडियम-पोटॅशियम पहिल्यातले, मॅग्नेशियम-कॅल्शियम दुसऱ्यातले, क्लोरीन-ब्रोमीन सतराव्यातले. घराणं ठरतं बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांवर. सोडियमकडे तिथे एकच, तो चटकन सुटतो; क्लोरीनला एक कमी पडतो. धातूरूपातला सोडियम पाण्यात टाकला तर भडकतो, क्लोरीन वायू विषारी. दोघांचं मीठ मात्र आपण रोज भातात कालवतो.

आता वाफ्यात पाहा. उन्हाने खाडीचं पाणी आटू लागलं की आधी चुन्याचा क्षार खाली बसतो, मग जिप्सम. म्हणजे बराचसा कॅल्शियम तिथेच बाहेर पडला. पाणी दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरू लागतं. ते ओढून घेतल्यावर उरतं ते कडू पाणी, आणि त्या कडूपणाचा धनी मॅग्नेशियम. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकाच गणाचे, दोघांवर भारही सारखाच. तरी एक आधी निघतो, दुसरा शेवटपर्यंत पाणी सोडत नाही. गणात खाली जावं तसा अणू मोठा होत जातो. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वर, म्हणून त्याचा आयन लहान, त्यामुळे पाण्याला घट्ट धरून ठेवणारा.

फ्रान्समधल्या माँपेलिएच्या मिठागरातल्या अशाच कडू पाण्यात आंत्वान बालारने १८२६ मध्ये क्लोरीन सोडला. पाणी पिवळट-नारिंगी झालं: गणात वर बसलेल्या क्लोरीनने ब्रोमीनला त्याच्या क्षारातून हुसकावलं होतं. तीनच वर्षांत डोबेरायनरने हिशेब मांडला. क्लोरीनचा अणुभार ३५.५, आयोडीनचा १२७, दोन्हींची सरासरी ८१च्या घरात, ब्रोमीनचा ८०! तीन-तीन मूलद्रव्यांची अशी त्रिकं पुढे फार टिकली नाहीत, पण नात्याचा माग लागला. १८६९ मध्ये मेंडेलीव्हने तेव्हाची ६३ मूलद्रव्यं मांडली, तीही असेच स्वभाव जुळवत.

आयोडीन मात्र समुद्रात नावापुरताच, लिटरला मिलिग्रॅमच्याही अंशात. वाफ्यातल्या मिठात तो गलगंड टाळण्याइतका उतरत नाही. म्हणून पाकिटातल्या मिठात पोटॅशियम आयोडेट वरून मिसळावं लागतं.