दोन फायरवॉल बसवले, तरी दुकानाचं नेट बंद का?

नेटवर्किंगची कामं घेताय, तर हा प्रसंग तुमच्यावर कधी ना कधी येणारच. "एक बंद पडला तर दुसरा सांभाळेल" असं सांगून तुम्ही ग्राहकाला दोन फायरवॉल विकले. शनिवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत पहिला बंद पडतो. दुसरा चालू आहे, दिवे लागलेत, पण बिलिंगला नेट नाही. फोन तुम्हालाच येणार, आणि पुढच्या वर्षीची एएमसी त्या फोनवरच ठरणार.

डीएचसीपी म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरला, मोबाईलला आयपी पत्ता वाटणारी सोय. पत्ता मिळतो तो भाड्याने, ठरावीक मुदतीसाठी. म्हणून बघा, डीएचसीपी बंद पडलं तरी लगेच कळत नाही. जुनी मशिन्स आपल्या पत्त्यावर चालत राहतात, नवा मोबाईल मात्र जोडला जात नाही.

तर आधी पत्ता तपासा. विंडोजवर तो 169.254 ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून काहीच आलेलं नाही. पत्ता बरोबर आहे पण नेट नाही? मग गेटवे बघा.

खरी गोम बहुतेक वेळा इथेच असते. पीएफसेन्सचं उदाहरण घेऊ. समजा पहिल्याचा पत्ता 192.168.1.2, दुसऱ्याचा 192.168.1.3 आणि दोघांचा सामायिक पत्ता 192.168.1.1. डीएचसीपीने गेटवे म्हणून 1.1 च द्यायला हवा. तिथे 1.2 दिलात तर पहिल्यासोबत सगळं दुकान बसलं! डीएनएससाठी फायरवॉलच वापरत असाल तर तिथेही 1.1. फेलओव्हर पीअरच्या रकान्यात मात्र उलट: तिथे समोरच्याचा स्वतःचा पत्ता, म्हणजे पहिल्यावर 1.3 आणि दुसऱ्यावर 1.2. नवीन मुलं नेमकी हीच अदलाबदल करतात.

मग स्टेटस बघा. जुन्या आयएससी डीएचसीपीत दोन्हीकडे 'नॉर्मल' दिसलं पाहिजे. 'रिकव्हर'वर अडकलं असेल तर दोघांची घड्याळं जुळवा. 60 सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर जोडी जमत नाही. दोन्हीकडे एनटीपी चालू ठेवा. नवीन केआमध्ये सेटिंगची मांडणी वेगळी आहे, पण घड्याळाची अट तीच.

आयएससीत आणखी एक गोष्ट फसवते. मोकळे पत्ते दोघांत साधारण निम्मे-निम्मे वाटलेले असतात. 30 पैकी 26 वापरात असतील, तर उरलेल्या चारातले दोनच दुसऱ्याच्या हातात. तिसऱ्या मोबाईलला नकार! पत्त्यांची रेंज सुरुवातीलाच ऐसपैस ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत.

बिल देण्याआधी, दुपारी गर्दी नसताना, मालकासमोर पहिल्या फायरवॉलचा प्लग काढा. एक मोबाईल असा जोडा, जो त्या वायफायवर आधी कधीच जोडलेला नव्हता. एक बिल करून बघा. मग प्लग परत लावून पुन्हा एक बिल करा.